कुंडीतल्या मुळांना थंडी आधी गाठते

'ताई, आमची बाल्कनी पाचव्या मजल्यावर आहे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे ऊन असतं. हिवाळ्यात पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या रात्री उणे पंधरापर्यंतही. लेबलवर "उणे 20 पर्यंत तगतं" असं वाचून मी दोन बॉक्सवूड आणि एक जपानी मेपल आणला. सोबत लव्हेंडर आणि रोझमेरी. थंडी सुरू होताच सगळ्यांना प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलं. रोझमेरी पहिल्याच कडाक्यात गेली. लव्हेंडर राखाडी पडली. बॉक्सवूडची उन्हाकडची बाजू तांबूस झाली. मेपल मात्र हिवाळाभर ठणठणीत दिसत होता, वसंतात पालवीही फुटली, आणि पहिल्याच उबदार आठवड्यात त्या कोवळ्या पानांनी माना टाकल्या. एक मोठी मातीची कुंडीही तडकली. एवढं ऊन असून माझ्या हातून काय चुकलं? आता नवीन काय लावू, की नादच सोडू?'
— पाचव्या मजल्यावरची वाचक

प्रिय पाचव्या मजल्यावरच्या मैत्रिणी,

नाद सोडू नका. तुमच्या पत्रातली मेपलची ओळ मी दोनदा वाचली, कारण तुमच्या बाल्कनीत काय घडलं ते तिच्यातूनच कळतं. झाड हिवाळाभर धडधाकट दिसतं, वसंतात पानं काढतं आणि ऊन तापताच आठवड्याभरात कोसळतं, तेव्हा बहुतेक वेळा ते कडाक्याच्या थंडीतच दगावलेलं असतं. खोड आणि फांद्या जिवंत राहतात, मुळं मरतात. फांदीत साठवलेल्या पाण्यावर आणि अन्नावर पालवी फुटते. मग पानं पाणी मागू लागतात आणि ते पुरवायला खाली कोणी उरलेलं नसतं. तुम्ही ज्या आठवड्यात हळहळलात त्या आठवड्यात तुमच्या हातून काहीच चुकलेलं नव्हतं. चूक झाली ती खरेदीच्या दिवशी, आणि तीही लेबलवर विश्वास ठेवून. त्यामुळे स्वतःला फार दोष देऊ नका.

लेबलवरचा तो आकडा जमिनीत लावलेल्या झाडाचा असतो. जमीन ही मोठी उबदार गोधडी आहे. वर हवा उणे पंधरा असली तरी हातभर खाली माती शून्याच्या आसपास असते, वर बर्फाचा थर असेल तर आणखी सुखात. कुंडीला ही गोधडी नाही. तिला चारी बाजूंनी आणि बहुतेक वेळा तळातूनही हवा लागते. एकदोन थंड रात्री सरल्या की कुंडीतली माती जवळपास हवेइतकीच गार होते. आणि थंडीतल्या झाडांची मुळं सहसा फांद्यांइतकी थंडी सोसू शकत नाहीत, कारण जमिनीत त्यांना तशी वेळच येत नाही. त्यातही कोवळी मुळं जुन्या मुळांपेक्षा नाजूक. आता कुंडीतून काढलेला मुळांचा गोळा डोळ्यांपुढे आणा. ती पांढरी, कोवळी टोकं कुठे असतात? अगदी कडेला, कुंडीच्या भिंतीला चिकटून. म्हणजे सगळ्यांत नाजूक भाग सगळ्यांत थंड जागी.

बॉक्सवूड या सदाहरित झुडपाचंच बघा. वरच्या फांद्या उणे वीस सोसतात, पण त्याची कोवळी मुळं शून्याखाली तीन-चार अंशांतच दगावू शकतात. याउलट पोटेंटिला नावाचं साधंसं पिवळ्या फुलांचं झुडूप आहे, त्याची मुळं उणे वीसच्याही खाली तग धरतात. नर्सरीत दोघांच्या लेबलांवर 'थंडी सोसणारं' असंच लिहिलेलं असतं. कुंडीत लावायचं तर प्रश्न विचारायचा तो मुळांबद्दल.

मुळांचा आकडा लेबलवर मिळत नाही, म्हणून कुंडीतली बाग करणारे एक अंदाज वापरतात: तुमच्याकडे सर्वांत थंड रात्री जितकं तापमान उतरतं, त्याहून आणखी अकरा अंश खालचं तापमान सोसणारं झाड घ्यायचं. तुमची सर्वांत वाईट रात्र उणे 15 ची, म्हणजे लेबलवर किमान उणे 26 हवं. उणे 20 चं झाड तुमच्या जमिनीत आरामात जगलं असतं, कुंडीत ते काठावर होतं. हा अकराचा आकडा आला अमेरिकी हार्डिनेस झोनच्या, म्हणजे थंडीनुसार पाडलेल्या पट्ट्यांच्या पद्धतीतून. तिथे एकूण 13 झोन आहेत, प्रत्येक झोन साधारण 5.6 अंशांचा, आणि कुंडीसाठी दोन झोन जास्त थंडीचं झाड घ्यावं असं सांगतात. तुमची जागा झोन 7 मध्ये मोडते, तेव्हा झोन 5 किंवा त्याहून कमी आकड्याचं झाड शोधा. इथे एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या, कारण भलेभले इथे फसतात. अमेरिकी झोनचा आकडा जितका लहान तितकं झाड काटक. ब्रिटिश पद्धतीत एच 1 ते एच 7 अशा पायऱ्या असतात आणि तिथे आकडा जितका मोठा तितकं झाड काटक. एच 7 म्हणजे उणे 20 च्याही खाली टिकणारं. लेबलवर नुसता '5' दिसला की तो कोणाचा पाच, हे आधी विचारा. आणि झोन ठरतो तो वर्षातल्या सर्वांत थंड रात्रींच्या सरासरीवर. सरासरीपेक्षा वाईट रात्र कधीतरी येणारच, म्हणून अगदी काठावरचं झाड नको.

आता तुमच्या उन्हाबद्दल. 'एवढं ऊन असून' असं तुम्ही लिहिलंत. उन्हाळ्यात हे ऊन म्हणजे भाग्यच. हिवाळ्यात मात्र गोठणाऱ्या कुंडीच्या बाबतीत तेच ऊन अडचणीचं ठरतं, आणि हे पटायला थोडा वेळ लागतो. दुपारी ऊन कुंडीच्या एका बाजूवर पडतं, तिथली माती वितळते, रात्री पुन्हा गोठते. रोज असं ताणलं-आवळलं गेलं की बारीक मुळं तुटतात. उथळ मुळांची रोपं तर मातीतून वर उचलली जातात आणि एका सकाळी त्यांचा गड्डा उघडा पडलेला दिसतो. सदाहरित झाडांचा त्रास आणखी वेगळा. उन्हात आणि वाऱ्यात त्यांची पानं पाणी सोडत राहतात, पण खालची माती गोठलेली असल्यानं मुळांना पाणी ओढता येत नाही. तुमच्या बॉक्सवूडची उन्हाकडचीच बाजू तांबूस झाली ती यामुळे. झाड तहानेनं करपलं, भर थंडीत. आणि हिवाळा सरता सरता चार उबदार दिवस आले की उन्हातलं झाड लवकर जागं होतं, कळ्या फुगतात, झाडानं कमावलेला काटकपणा सैल पडतो. मग पुढची थंडीची लाट त्या फुगलेल्या कळ्या मारते.

पाचव्या मजल्यावर वारा आला. थंड वाऱ्यात आपल्याला गारठा जास्त जाणवतो तसा तो झाडांना जाणवत नाही. वारा झाडाला हवेच्या तापमानाखाली नेत नाही. पण तो कुंडी लवकर थंड करतो आणि पानांतलं पाणी पळवतो, आणि तेवढं पुरेसं असतं.

प्लास्टिकबद्दलही स्पष्ट सांगते. उन्हात ठेवलेलं झाड प्लास्टिकनं गुंडाळलं की दुपारी आत भट्टी होते, रात्री पुन्हा बाहेरच्या इतकीच थंडी, आणि आतल्या ओलाव्यानं बुरशी. माझ्याही पहिल्या हिवाळ्यात मी असंच केलं होतं. वरचा भाग इतका जपून बांधला होता, आणि वसंतात कुंडी उलटी केली तेव्हा मुळांची साल बोटांना लागताच मोज्यासारखी निघून आली. आत नुसता धागा उरला होता. त्या दिवसापासून मी झाडापेक्षा कुंडी गुंडाळते. वरच्या भागाला काही हवंच असेल तर गोणपाट किंवा हवा खेळती ठेवणारं बागेचं पांढरं कापड, तेही उन्हाच्या आणि वाऱ्याच्या बाजूनं पडद्यासारखं उभं केलेलं.

मग लावायचं काय? तुमच्यासारख्या बाल्कनीसाठी माझी पहिली पसंती पोटेंटिला. नर्सरीत लोक तिच्याकडे पाहतही नाहीत, कारण कुंडीत ती विशेष देखणी दिसत नाही. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पहिलं हिव पडेपर्यंत ती फुलत राहते, ऊन मागते, चुकून एखादी पाण्याची पाळी हुकली तरी रुसत नाही आणि तिची मुळं कुंडीतली थंडी खरोखर झेलतात. पिवळ्या किंवा पांढऱ्या फुलांची घ्या. केशरी आणि गुलाबी जाती फोटोत मोहवतात, पण कडक उन्हात त्यांचा रंग उडतो. फुलं नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे हिवाळा संपता संपता तिला एक तृतीयांश छाटली तरी फुलं हुकत नाहीत.

'नव्या फुटव्यावर फुलणारं' हे शब्द लक्षात ठेवून नर्सरीत जा, कारण हायड्रेंजियात सगळा फरक त्यावरच पडतो. निळ्या-गुलाबी गोल गुच्छांची, मोठ्या पानांची जी हायड्रेंजिया सगळ्यांना हवी असते, तिच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर शरदातच तयार होतात आणि हिवाळाभर तिथे उघड्या बसतात. झाड जगलं तरी त्या कळ्या मरतात, आणि मग लोक वर्षानुवर्षं नुसती पानं बघत बसतात. पॅनिक्युलाटा जातीची हायड्रेंजिया निमुळत्या तुऱ्यांची असते, फुलं पांढरी किंवा हिरवट उमलतात, मग बहुतेक गुलाबी होत जातात. ती त्याच वर्षीच्या फांदीवर फुलते आणि झोन 3 पर्यंत टिकते. 'बोबो' किंवा 'लिटल लाइम' यांसारख्या बुटक्या जाती कुंडीत छान बसतात. 'लाइमलाइट' माणसाच्या उंचीपलीकडे जाते, बाल्कनीत ती नको. एकच अट आहे: हिला पाणी लागतं. भर उन्हाळ्यात तुमच्या उन्हात रोज, कधी दिवसातून दोनदा. ते जमणार नसेल तर पोटेंटिलाच दोन लावा.

हिवाळ्यातही काहीतरी हिरवं दिसावं ही तुमची बॉक्सवूडमागची इच्छा मला समजते. त्याजागी बुटका म्युगो पाइन घ्या. झोन 3 चं झाड, ऊन आवडतं, वाढ इतकी संथ की एका कुंडीत काही वर्षं सुखानं राहतो. सुयांवर मेणाचा थर असल्यानं त्यातून पाणी कमी जातं, म्हणून हिवाळ्यातलं ऊन त्याला बॉक्सवूडसारखं करपवत नाही. मात्र लेबलवर 'बुटका' लिहिलेलं आहे ना, ते बघा. साधा म्युगो पुढे चांगला पसरतो. पसरणारे ज्युनिपरही चालतील, निळसर छटेची 'ब्लू स्टार' जात कुंडीच्या कडेवरून सुंदर दिसते. त्यांना एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे पाय ओले राहणं. नर्सरीत एक गोंडस, शंकूसारखा, फिक्या हिरव्या रंगाचा बुटका अल्बर्टा स्प्रूस तुम्हाला हमखास दाखवतील. तो थंडीला घाबरत नाही, हे खरं. पण उन्हानं तापलेल्या भिंतीजवळ त्याची भिंतीकडची बाजू करपते आणि कोरड्या गरम हवेत त्याला लाल कोळी ही कीड लागते. एकदा त्याची एक बाजू उघडी पडली की तिथे पुन्हा सुया येणं कठीण. तुमच्या बाल्कनीसाठी मी तो घेणार नाही.

लव्हेंडर पुन्हा लावा, मला ती तुमच्या उन्हात दिसते आहे. फक्त कोणती, ते बघून. फुलाच्या टोकावर सशाच्या कानांसारख्या पाकळ्या असलेली स्पॅनिश लव्हेंडर उबदार प्रदेशाची आहे, तुमच्याकडे ती एका मोसमाची पाहुणी. अँगुस्तिफोलिया जातीतली 'हिडकोट' किंवा 'मन्स्टेड' घ्या, त्या झोन 5 च्या. त्यांना थंडीपेक्षा हिवाळ्यातली ओल मारते. राखाडी पडलेली तुमची लव्हेंडर बहुधा प्लास्टिकच्या आत कुजली. कुंडीच्या मातीत एक तृतीयांश जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळा, खत जवळजवळ नकोच, आणि शरदात कात्री लावू नका. फुलं ओसरल्यावर हलकी छाटणी, पण पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कधीच नाही, तिथून ती सहसा पुन्हा फुटत नाही. रोझमेरीचा हट्ट मात्र सोडावा लागेल. कुंडीतली रोझमेरी उणे पंधरात राहत नाही. ती हवीच असेल तर वेगळ्या हलक्या कुंडीत लावा आणि थंडीत खिडकीजवळच्या थंड, उजेडाच्या खोलीत आणा. ऑलिव्ह आणि लिंबूवर्गीय झाडांचंही तेच. वासाच्या पानांचं काही बाहेरच ठेवायचं असेल तर थाइम आहे, चाइव्ह्ज आहेत. चाइव्ह्ज हिवाळ्यात मातीखाली पूर्ण गडप होतात आणि बर्फ वितळता वितळता सर्वांत आधी डोकं वर काढतात.

सेम्परव्हायवमबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण या छोट्याशा झाडावर माझा जीव आहे. गुलाबाच्या फुलासारखी मांडणी असलेली मांसल पानं, उणे 30 चीही पर्वा नाही, आणि थंडीत कित्येक जातींचा रंग उलट गडद होतो, हिरव्याचा किरमिजी, किरमिजीचा जवळजवळ काळा. युरोपातल्या डोंगरांवर हे खडकाच्या फटीत वाढतं, म्हणून त्याला मूठभर मातीही पुरते. उथळ पसरट भांडं घ्या, अर्धी माती आणि अर्धी बारीक खडी भरा आणि चार-पाच रंगांची रोपं दाटीनं लावा. प्रत्येक रोप भोवती पिल्लं घालतं. फुलल्यावर तो एक गुच्छ मरतो, घाबरू नका, तोवर पिल्लांनी जागा भरलेली असते. त्याला मारायचा एकच खात्रीचा उपाय आहे: काळजीपोटी रोज पाणी घालणं. शेजारी जमिनीलगत पसरणारे, मांसल पानांचे काटक सेडम लावले तर वर्षभर त्या भांड्याकडे बघत राहावंसं वाटतं. खरेदी करताना मात्र घरात ठेवायच्या मेणचट एकेव्हेरियाशी गल्लत करू नका. दिसतात बहिणी, पण एकेव्हेरिया पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच पाण्याची पिशवी होते.

गवतांपैकी निळा फेस्क्यू तुम्हाला पुरे. वीतभर-दीड वीत उंच, झोन 4, ऊन आणि कोरडेपणा दोन्ही चालतात. 'कार्ल फोर्स्टर' हे उंच तुऱ्यांचं गवतही काटक आहे, पण तुमच्या मजल्यावरच्या वाऱ्यात कुंडी आडवी व्हायची. जांभळं फाउंटन गवत दुकानात फार उठून दिसतं, ते थंडीत टिकत नाही. गवताची वाळलेली पानं हिवाळाभर तशीच ठेवा, ती गड्ड्यावर पांघरूण घालतात. रुगोसा गुलाब कमालीचा काटक आहे, पण त्याचे काटे अरुंद बाल्कनीत रोज हातापायांना लागतील. फार जागा असेल तरच. ब्लूबेरी आवडत असेल तर 'हाफ-हाय' प्रकारच्या बुटक्या जाती थंडीसाठीच तयार केलेल्या आहेत, शरदात पानं लालभडक होतात. माती मात्र आंबट लागते, पीएच 4.5 ते 5.5, त्यामुळे तिची कुंडी वेगळी.

झाडं ठरली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं कुंडीचं. लहान कुंड्यांचा मोह टाळा. दुप्पट मापाच्या कुंडीत माती आठपट मावते, पण थंडी शिरायची बाहेरची कड फक्त चौपट होते. म्हणून मोठी कुंडी सावकाश गोठते आणि सावकाश वितळते. झुडपांसाठी तोंड आणि खोली दोन्ही 40 सेंटीमीटरच्या आसपास धरा. ओल्या मातीसकट अशी कुंडी सहज 40-50 किलो भरते. तेव्हा अशा कितीशा कुंड्या बाल्कनी पेलेल हे इमारतीची माहिती असलेल्या जाणकाराला आधी विचारा, आणि जड कुंड्या कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीलगत ठेवा. भिंतीतून झिरपणारी ऊबही मिळते.

तुमची कुंडी तडकली ती पाण्यानं. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि भाजलेली माती पाणी शोषून घेते. हिवाळ्यात बाहेर राहणाऱ्या झाडांसाठी लाकूड, जाड प्लास्टिक, फायबरग्लास किंवा खूप उच्च तापमानाला भाजलेलं दगडी भांडं घ्या. पोट मोठं आणि गळा निमुळता अशी कुंडी कितीही सुंदर असली तरी नको. आतली माती फुगली की तिला वर सरकायला वाट राहत नाही, आणि झाडही कधी काढता येत नाही. रंग फिका निवडा. काळ्या कुंडीची उन्हाकडची बाजू उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे तापते आणि त्या बाजूची मुळं भाजतात. अशी आधीच अर्धमेली झालेली मुळं घेऊन झाड हिवाळ्यात गेलं तर कसं टिकणार?

तळात खडे-विटांचे तुकडे घालू नका. खूप जण घालतात, आणि त्यांना वाटतं निचरा होतो. खरं तर पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहजी उतरत नाही, खड्यांच्या वरच तुंबतं, आणि ओल मुळांच्या आणखी जवळ येते. सगळी कुंडी एकाच भुसभुशीत मिश्रणानं भरा, भोक मोठं ठेवा, कुंडीखाली विटेचे किंवा लाकडाचे तीन तुकडे ठेवा, आणि हिवाळ्यात खालची बशी काढून टाका.

लावण्याची वेळ हीच, वसंत. शरदात सवलतीत मिळणारी झुडपं बाल्कनीसाठी घेऊ नका. मुळं पसरायच्या आत थंडी येते. नायट्रोजनचं खत पहिल्या हिवाच्या दोन महिने आधी बंद करा, नाहीतर ऐन थंडीच्या तोंडावर कोवळा फुटवा निघतो आणि तोच आधी मरतो. दिवस लहान होऊ लागले, गारठा वाढू लागला की झाड आपणहून अंग कठीण करतं. त्याला घाई करता येत नाही, उशीर मात्र आपण करवू शकतो.

पाणी द्यायचं हिवाळ्यातही. याचा विसर पडल्यानं जितकी झाडं जातात, तितकी थंडीनंही जात नसतील असं मला वाटतं. मोठा कडाका येणार असं कळलं की आदल्या दिवशी माती नीट ओली करा. ओली माती कोरडीपेक्षा सावकाश थंड होते, आणि पाणी गोठताना स्वतः थोडी उष्णता सोडतं, त्यामुळे सगळं पाणी गोठेपर्यंत माती शून्याच्या आसपास रेंगाळते. नंतर दर दोन-तीन आठवड्यांनी, पारा शून्याच्या चार-पाच अंश वर असलेल्या दुपारी, बोट घालून बघा. वरचा दोन पेरं थर कोरडा लागला तर थोडं पाणी द्या. बाल्कनीत बर्फ उडून आला तर तो कुंड्यांच्या मातीवर लोटा, त्याच्याइतकं स्वस्त पांघरूण नाही. फक्त मीठ टाकलेल्या जागेचा बर्फ नको.

कुंड्यांना बबल रॅप किंवा गोणपाटाचे दोन-तीन वेढे द्या. यानं कुंडी गरम राहील अशी आशा ठेवू नका. कुंडीत शेगडी नाही, वेढे फक्त थंडीला उशीर लावतात आणि दिवसरात्रीचे हेलकावे कमी करतात. पण पोटेंटिला किंवा पाइनसारख्या झाडाला तेवढंच हवं असतं. सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून भिंतीलगत जमवा, सेम्परव्हायवम बाहेरच्या रांगेत, हायड्रेंजिया आणि लव्हेंडर आत. पानं गळालेल्या झुडपांना हिवाळ्यात ऊन लागत नाही, म्हणून ती बाल्कनीतल्या सर्वांत सावलीच्या कोपऱ्यात न्या. हे उरफाटं वाटेल. पण तिथे ती गोठली तर एकदाच गोठतील आणि वसंत खरोखर येईपर्यंत झोपून राहतील. पाइनला मात्र उजेड हवा, त्याला फक्त दुपारच्या उन्हापासून गोणपाटाचा आडोसा करा.

एवढं सगळं एका वर्षात उभं करायची गरज नाही. एक म्युगो पाइन, एक पोटेंटिला आणि सेम्परव्हायवमचं एक पसरट भांडं, यंदा इतकंच करा असं मी म्हणेन. हे तिघं तुमच्या बाल्कनीतून एक हिवाळा पार पडले की लव्हेंडर आणि हायड्रेंजियाचा विचार पुढच्या वसंतात.

आणि तो मेपल अजून टाकला नसेल, तर टाकण्याआधी कुंडीतून बाहेर काढून मुळांचा गोळा नीट बघा. निरोगी मूळ आतून पांढरं आणि कडक असतं, मेलेलं मूळ तपकिरी, आणि त्याची साल चिमटीत सुटते. गोळ्याच्या चारी बाजूंची मुळं मेली असतील तर थंडीच खोलवर गेली, मोठी कुंडी आणि वेढे यांकडे आधी बघा. फक्त उन्हाकडची बाजू मेली असेल तर रोजच्या वितळण्या-गोठण्यानं घात केला, तेव्हा सावलीचा कोपरा आधी शोधा. तळ काळा पडून वास येत असेल तर पाणी तुंबलं होतं, नवीन झाड आणण्याआधी भोक आणि माती बदला. यांपैकी काय दिसलं ते मला कळवा. हिवाळ्यात कुंडीची कोणती बाजू उन्हाकडे होती तेही लिहा, म्हणजे पाइन नेमका कुठे ठेवायचा ते आपण मिळून ठरवू.

तुमची,
ताई